दोन गावच्या मातीचं मैदान

मैत्रिणींनो, "आता पोखर्णी तुझं गाव, ताडकळस आमचं," असं लग्नाच्या दिवशी वडील म्हणाले होते. आज ते वाक्य फार आठवलं. आपली ही फिरती वही उद्या पुढच्या घरी जाईल, म्हणून आताच लिहिते.

हुतूतूचा अखेरचा सामना याच दोन गावांत होता. मैदान कुणाचं, या तक्रारीत तो दोन वर्षं अडला. इकडचे म्होरके माझे दीर, तिकडचा माझा धाकटा भाऊ. दोघांचं बोलणं बंद, म्हणून माझं माहेरही बंद.

आज सकाळी भाऊ गाडीभर माती घेऊन दारात उभा.

"पावणं, आमच्या मैदानाची माती हाय. अर्ध्यात आमची पसरा, अर्ध्यात तुमची ऱ्हाऊ द्या."

दीर हसले. "निजामाचा दिवाण व्हायला पायजे होतं तुमी! टाका."

मधल्या रेघेअलीकडे पोखर्णीची काळी माती, पलीकडे ताडकळसची तांबूस. प्रत्येक गडी एका दमात दुसऱ्याच्या गावात शिरायचा आणि दम सुटायच्या आत आपल्या गावी परतायचा. मी देवळाच्या पायरीवर थक्क होऊन बघत राहिले. मैदान ठरवायची याहून चांगली रीत तुम्हाला सुचते का?

कोण जिंकलं ते घरच्या पुरुषांना विचारा. मी मातीच बघत होते.

खेळ सरल्यावर भाऊ आपली माती परत गाडीत भरू लागला. मैदानाची माती परगावी ठेवायची नाही, ही ताडकळसची रीत मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी मी पदर पुढे केला.

"बाळू, ओंजळभर तरी ठेवून जा रे."