किल्ला पडला का, मास्तर?

आमच्या गिरगावातल्या चाळीत रोज सकाळी नळावर एक चौकशी ठरलेली असे, "काय मास्तर, किल्ला पडला का?" लॅटिनमास्तर बादली खाली ठेवून गंभीरपणे सांगत, "नाही हो. वेढा चालूच आहे. काल घोडे मारून खाल्ले." किल्ला अँटिऑकचा, साडेआठशे वर्षांपूर्वीचा. धर्मयुद्धावर गेलेल्या नॉर्मन सरदारांच्या लॅटिन बखरी मास्तर मराठीत आणत होते. मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले हे ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या जुन्या मराठी ख्रिस्ती समाजातले गृहस्थ. पत्नी वारलेली, मुलगी वांद्र्याला.

मी विम्याच्या कचेरीतला, आकड्यांचा माणूस. एका मठवासी बखरकारानं सैन्य सहा लाख लिहिलंय हे ऐकून मी विचारलं, "मग रोज धान्य किती लागत होतं?" मास्तरांनी टाळीच दिली. "हे त्या मठवाशाला विचारायला हवं होतं! पण तो तिथे होता कुठे? हा फ्रान्समध्ये शेकोटीपाशी बसून लिहितोय."

"तो तिथे होता का?" हा मास्तरांचा हुकमी प्रश्न. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला किती माणसं होती हे कुणी रंगवून सांगू लागला, की त्यालाही तोच.

सर्वांत जास्त ते हसत सरदारांच्या मरणाला. "पोटात भाला घुसलाय आणि पठ्ठ्या पानभर भाषण करतोय! मरणाऱ्याला एवढा दम असतो होय?"

मग मोर्च्यावरच्या गोळीबाराचा तो दिवस आला. शेजारचा वामन, वीस-एकवीस वर्षांचा, रस्त्यात पडला. फोर्टातल्या ग्रंथालयातून परतणारे मास्तर तिथेच होते. त्याचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

चाळीच्या शोकसभेत आमचे पुढारी बंडोपंत म्हणाले, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं गर्जत वामननं प्राण सोडला. हो ना, मास्तर?" सगळे वळून पाहू लागले. हुकमी प्रश्न विचारणारा माणूस गप्प का, याचं मला फार कुतूहल वाटलं.

तेराव्यानंतर वामनची आई त्यांच्या दारात आली. मी तिथेच बसलो होतो.

"मास्तर, खरंच तो असं म्हणाला?"

"नाही, वहिनी."

"मग काय म्हणाला?"

मास्तरांनी चष्मा काढला. "त्यानं सांगू नका म्हटलं होतं. 'आईला कळू देऊ नका, ती ओरडेल. मी टायपिंगच्या क्लासला जातो असं सांगून आलोय.'"

ती उंबऱ्यावरच बसली. "मेला," म्हणाली, "लहानपणापासून अस्साच." आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळी होऊन रडली.

पुढे मास्तर मुलीकडे राहायला निघाले, तेव्हा किल्ला पडून गेला होता. जाण्याआधी त्यांनी मला भाषांतराची वही वाचायला दिली. मरत्या सरदाराचं पानभर भाषण त्यांनी शब्दन् शब्द उतरवलं होतं, कुठेही थट्टेची टीप नाही. मी कारण विचारलं.

"त्या मठवाशाकडेही कुणाची तरी आई आली असेल," मास्तर म्हणाले. "तो बिचारा काय सांगणार? तो तिथे नव्हता."