पुड्या वेचणारे हालगे सर

हालगे सर चालता चालता मध्येच वाकायचे. शाळेच्या आवारात पडलेली बिस्किटाची, शाम्पूची रिकामी पुडी उचलायचे, फुंकर मारून खिशात ठेवायचे. मी त्या शाळेत पाणी भरायचे. एकदा मी झाडून गोळा केलेल्या पुड्या चुलीत घालायला निघाले, तर सर धावत आले. "मावशी, जाळू नका. माझी पुस्तकं हायत ती."

सर दहावीपर्यंत इंग्रजी शिकवायचे. तलवाड्याला त्यांच्या वडिलांचं किराणा दुकान. तिथे डब्यांवरची अक्षरं जुळवत ते स्वतः इंग्रजी वाचायला शिकले होते. त्या वर्षांत आमच्या खेड्यातही दुकानांपुढे रंगीत पुड्यांच्या माळा लटकू लागल्या होत्या. धडा काढला की मुलं माना खाली घालायची, पण पुडी हातात दिली की वाचायची. मग सर ती वहीत चिकटवायला लावायचे आणि खाली घरातलं काहीतरी इंग्रजीत लिहायला सांगायचे. "चुकू द्या, पण तुमचं लिवा," हे त्यांचं रोजचं वाक्य. दुसरे मास्तर हसायचे, "हालगे, भंगाराचं दुकान टाकता का?"

"टाकतो की. पहिलं गिऱ्हाईक तुमीच."

माझी रंजना त्यांच्याच वर्गात होती. तिने शाम्पूच्या पुडीखाली लिहिलं, की एका पुडीत आजी, आई आणि मी, तिघींनी केस धुतले आणि दिवसभर घराला पाहुणे आल्यासारखा वास होता. सरांनी ते वर्गात दोनदा वाचलं. मला मराठीत अर्थ सांगून म्हणाले, "मावशी, हे कुठल्या गाईडात न्हाई. पोरगी लई शिकंल."

दहावीच्या परीक्षेला आमच्याकडे खिडक्यांना माणसं लटकलेली असायची. चिठ्ठी देणं कोणी पाप मानत नसे, मदतच मानत. इंग्रजीच्या पेपराला हेडसरांनी माझ्या हातात चिठ्ठ्या ठेवल्या. "पाणी द्यायला जाताच, तेवढ्या पोचवा." हालगे सर बाहेर खिडक्यांवरची माणसं हाकलत होते. घरी सासूबाईंनी बजावलं होतं, नापास झाली की लग्न. मी तांब्याखाली चिठ्ठी धरून आधी रंजनाकडेच गेले. तिने पान भरत आणलं होतं. तिने नको म्हणून मान हलवली. मी चिठ्ठी तिच्या पेपराखाली सरकवली आणि तिथेच उभी राहिले. माझ्याकडे बघत तिने आपलं लिहिलेलं खोडलं आणि चिठ्ठी उतरवायला लागली.

वळले तर दारात सर.

"मावशी, कावून केलं असं?" एवढंच म्हणाले.

त्यानंतर सर वाकले नाहीत. पुड्या कुंपणाला अडकून फडफडायच्या. निकाल चांगला लागला, हेडसरांनी पेढे वाटले. त्याच आठवड्यात सर नोकरी सोडून वडिलांच्या दुकानात बसायला गेले. कोणी अडवलं नाही. मीही नाही.

रंजना पास झाली. मी विचारलं, "पुढं शिकतीस ना?"

"तिथं चिठ्ठी कोण आणून देईल, आई?"

दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. वही तिने नेली नाही, ती माझ्या पेटीत आहे. मी चौथी शिकलेली, मला इंग्रजी येत नाही. तिचं ते पान मला ओळखू येतं, तेही अक्षरांवरून नाही, पुडीवरून.