नारिंगी ठिपका

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोंदणीचे काम करणाऱ्या बाईंना सर्वजण अक्का म्हणत. त्यांचा स्वभाव मुळातच उतावळा. घरी पाहुणा जिना चढत असतानाच त्या दार उघडून उभ्या राहत. येथे तर संगणकाच्या पडद्यावर, खालच्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी, एक ठिपका होता. तो हिरवा असला म्हणजे पडद्यामागच्या तीनही सेवा चालू आहेत असे समजावे: एक यंत्राकडून आकडे घेणारी, दुसरी ते साठवणारी, तिसरी ते वॉर्डात पाठवणारी. एखादी थांबली की ठिपका नारिंगी होई. त्यावर टिचकी मारली की यादी उघडे, आणि यादीच्या तळाशी ‘सर्व पुन्हा सुरू करा’ हे बटण असे. दिवसातून चारदा तरी ते दाबल्याशिवाय अक्कांचा जीव थाऱ्यावर येत नसे.

त्या दुपारी चार दिवसांच्या बाळाचे रक्त आले. कावीळ वाढत होती. आकडा पाहूनच डॉक्टर बाळाचे रक्त बदलायचे की नाही ते ठरवणार होते. नमुना जेमतेम सात-आठ थेंबांचा. यंत्र घरघरू लागले आणि ठिपका नारिंगी झाला.

अक्कांचा हात माउसकडे गेला.

“अक्का, हात मागे,” यंत्राजवळून तंत्रज्ञ म्हणाला. “सगळं बंद पाडलंत तर आकडा वाटेतच हरवेल. परत तपासायला थेंब उरणार नाही.”

“मी कुठं काय केलं?”

“तुमची बोटं मला इथून दिसतात.”

अक्कांनी नुसती यादी उघडली. घेणारी चालू, साठवणारी चालू. पाठवणारी तेवढी थांबलेली. त्यांनी तिच्याच ओळीवर ‘सुरू’ दाबले. ती उठली आणि लगेच पडली. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. इतक्यात फोन वाजला.

“अजून काही आलं नाही इकडं,” वॉर्डातली सिस्टर म्हणाली. “डॉक्टर येरझाऱ्या घालताहेत.”

“दोन मिनिटं, बाई.”

“तुमची दोन मिनिटं केव्हाची चाललीत.”

अक्कांची नजर यादीच्या तळाशी गेली. गेल्याच महिन्यात त्या बटणापायी एका आजोबांची तपासणी अर्धवट राहिली होती आणि त्यांना पुन्हा सुई टोचावी लागली होती. “घ्या, माझ्याकडं भरपूर आहे,” असे आजोबा हसून म्हणाले होते. या बाळाकडे नव्हते. अक्कांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

यंत्र थांबले. साठवलेल्या नोंदींत आकडा उमटला. ऐकण्यात चूक होते म्हणून आकडा फोनवर सांगायचा नाही, असा तेथला नियम होता. अक्कांनी तो कागदावर उतरवला, तंत्रज्ञाने ताडून पाहून सही केली. ठिपका नारिंगी असताना अक्का अकरा वर्षांत प्रथमच खुर्ची सोडून उठल्या आणि दोन जिने चढून वर गेल्या.

डॉक्टरांनी कागद वाचला. “रक्त बदलायला नको. दिव्याखाली ठेवू. सहा तासांनी पुन्हा तपासू.”

बाळाची आई भिंतीला टेकून खाली बसली. अक्का मात्र थांबल्या नाहीत. जिन्यातूनच त्यांनी तंत्रज्ञाला फोन लावला.

“संगणकवाल्या इंजिनिअरला आत्ताच्या आत्ता बोलाव. सहा तासांत पाठवणारी सुरू झाली पाहिजे. आणि तो येईपर्यंत कोणी काही दाबायचं नाही. मी आले तरी मला दाबू देऊ नकोस.”