आजोबांचा ‘हाय’

तुम्हा नातवंडांना मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही. म्हणून तुमच्या आजोबांबद्दल लिहिलेली ही पाने मी बोलकी करायला घेतली. स्वतःच वाचून दाखवली असती, पण दोन परिच्छेदांतच मला खोकला लागतो. तुमच्या आईने माझ्या फोनवर एआयचे एक साधन घालून दिले. मजकूर टाकायचा, आवाज निवडायचा, थोडे थांबायचे. मी एका मध्यमवयीन बाईचा आवाज निवडला. तिने सगळे स्वच्छ वाचले, मध्ये श्वाससुद्धा न घेता. ऐकूनच मला दम लागला.

गाडी अडली ती आजोबांपाशी.

कॉलेजात इंग्रजी शिकवून मी घरी आले की आजोबा दारातच म्हणायचे, "आलीस व्हय? चहा हाय की." त्यांच्या तोंडचे एवढेच मी लिहिले होते. यंत्राने ‘चहा’ म्हटले, जरा थांबले, आणि रस्त्यात मैत्रीण दिसल्यासारखे आनंदाने ‘हाय’ म्हणाले. ‘की’ मागे लोंबकळत राहिला. मी स्वल्पविराम घातला, काढला, शब्द जोडून लिहिले. दर वेळी तेच. चार दिवसांची दुपारची झोप त्यात गेली. शेवटी कंटाळून ‘चहा आहे ना’ असे लिहिले. लगेच बिनचूक आले.

ते ऐकून मला बरे वाटले नाही. लग्नानंतर मी हेच केले होते. कॉलेजातल्या बायका घरी यायच्या असल्या की मी आजोबांना आधीच बजावत असे, "हाय नव्हे, आहे म्हणा." ते कधी रागावले नाहीत. त्या बायकांपुढे बोलायचे मात्र कमी झाले. आणि आता ते नसताना मी पुन्हा त्यांचे बोलणे सुधारून तुमच्याकडे पाठवणार होते.

त्याच आठवड्यात कागलहून माझी नणंद आली, आजोबांची धाकटी बहीण. तिला ते ‘चहा आहे ना’ ऐकवले.

"ह्ये कोन?"

"तुमचे दादा."

"वैनी, दादा असं बोलला असता तर आमी त्याला पावणं म्हटलं असतं."

"मग तुम्हीच म्हणा ना, वन्सं. फोनमध्ये भरून घेते."

"मी न्हाय. मला कुठं त्यो चहा करून द्यायचा? तुमी म्हना की."

"मला नाही हो जमत."

"एवढी वर्सं ऐकलंय न्हवं? पोरं काय मार्क द्यायला बसल्यात?"

पहिल्यांदा माझ्या तोंडून ‘आहे’च आले. दुसऱ्यांदा ‘हाय’ आला, पण नाटकातल्यासारखा. नणंद तोंडाला पदर लावून हसत होती.

"जरा दमल्यासारखं म्हना," ती म्हणाली. "त्योबी फौंड्रीतनं दमूनच आलेला असायचा की."

हे मी पानांत कुठेच लिहिले नव्हते. चहा लिहिला होता, दार लिहिले होते, माझे कॉलेज लिहिले होते.

तिसऱ्यांदा मुद्दाम काही करावे लागले नाही, मी दमलेलीच होते. वाक्याच्या शेवटी खोकला आला. तो तसाच ठेवला आहे, काढायचा कसा ते मला माहीत नाही, आणि विचारायचाही कंटाळा आला आहे.

तेव्हा ऐकताना बाईचा स्वच्छ आवाज मध्येच तुटेल आणि एक म्हातारी दोन वाक्ये बोलेल. तेवढे आजोबांचे समजा.