पोत्यावरची बाई

फुटक्या बांगडीचा तुकडा उन्हात धरायचा, एक डोळा मिटायचा आणि समोरच्याला विचारायचं, “वळखा बरं, ही कुनाची?” आमच्या धाराशिवच्या गल्लीतल्या कासारीणकाकू मला आधी अशा आठवतात.

मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून सुट्टीला येई. मराठी बोलताना अडखळे, म्हणून गप्प बसायला त्यांचा ओटा बरा वाटे. तुकडा कुणाचा, हे मला कधीच सांगता आलं नाही. त्या हसत. “इंग्रजीत सांगा, चालंल!”

पूर्वी गल्लीतल्या प्रत्येक नवरीला बांगड्या त्याच भरत. नवरा वारला, त्यांचे हात उघडे झाले, आणि बायकांनी आपली मनगटं मागं घेतली. विधवेच्या हातून चुडा कोण भरून घेणार? दुकान दीर बघू लागला. काकू झाडलोट करत.

बांगड्या भरताना फुटलेल्या काचा त्यांनी पहिल्यापासून कधी टाकल्या नाहीत. घरोघरच्या वेगळ्या पुरचुंड्या होत्या. एके दिवशी त्यांनी गोणपाट भिंतीला ठोकलं आणि लाख वितळवून काचा चिकटवायला घेतल्या. नवऱ्याच्या जुन्या फेट्याचं लुगडं केलं, धनगराकडून मागून आणलेल्या काळ्या लोकरीचे केस लावले. कुणी शिकवलं, असं मी विचारलं. “कोन शिकवतंय? बोटं भाजली की कळतं.”

चार महिन्यांनी पोत्यावर उभी राहिली ती त्यांच्याएवढीच बाई. कपाळ मोकळं. दोन्ही हात पुढं केलेले, आणि मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या.

त्या हिवाळ्यात मुलींच्या शाळेत बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन भरलं. मांडणी माझ्या आईकडे होती. भरतकामाचे इतके पोपट आले होते की भिंत किलबिलेल असं वाटावं. काकूंनी गुंडाळलेलं पोतं उलगडलं तशी आईची मुद्रा बदलली.

“काम सुरेख आहे हो. पण कपाळ मोकळं आणि हातात चुडा? लोक काय म्हणतील? हात तेवढे काढून टाका.”

“हात काढल्यावर ऱ्हातंय काय, बाईसाहेब? नुसतं पोतं.”

आईनं हातांवर एक पांढरी चादर टाकली. काकू चित्राशेजारी भिंतीला टेकून बसल्या. मला बोलायचं होतं. मी पोपटांचे कोपरे सरळ करत राहिले.

दुपारी अत्तरवाल्यांची म्हातारी अम्मा आली. “ये कपडा कायकू डाले?” म्हणत तिनं चादर ओढलीच. मग बोट एका लाल तुकड्यावर ठेवून ओरडली, “अगे! ये तो मेरे बेटी के निकाह की चूडी!”

बायका धावल्या. “ही माझ्या डोहाळजेवणाची!” “सरका की, ती माझ्या जावंची हाय!” “व्हय गं, तुज्या लग्नातलीच ही!” कुणी हसत होतं, कुणी डोळे पुसत होतं. पोपटांकडं बघायला कुणी उरलं नाही.

आई मागं उभी होती. काकू न उठताच म्हणाल्या, “डाव्या हातावरली तिसरी, हिरवी. तुमची, बाईसाहेब. ही लेक झाली तवाची. आता ह्यातल्या कुनाकुनाच्या काढू, सांगा.”

आईनं चादर उचलली, नीट घडी घातली आणि बगलेत धरून बाहेर गेली. चित्र शेवटच्या दिवसापर्यंत उघडं राहिलं.

पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. चुड्यासाठी काकूंना बोलवायला आई स्वतः गेली. तुळजापूरची मावशी कुजबुजली, “अगं, पण त्या...”

“माझ्या लेकीचा चुडा त्याच भरणार,” आई म्हणाली. तिचा आवाज एवढा मोठा मी कधी ऐकला नव्हता.

काकू पाटावर बसल्या. इतक्या वर्षांनी त्यांच्या हातात नवरीचं मनगट होतं. “हात सैल सोडा, बाई. भ्यायचं न्हाय.” चोवीस बांगड्या चढल्या. एकही फुटली नाही.

मी उठले तर ओसरीवर बायका दाटीनं बसलेल्या. काकूंनी मानही वर केली नाही. पदरानं कपाळ पुसलं आणि हाक दिली, “हं, येऊ द्या फुडची!”