कैचीला बांधलेल्या घंटा

डिप्लोमाला असताना एका विषयात मी दोनदा नापास झाले. अप्लाइड मेकॅनिक्स. त्यातला मोठा भाग स्टॅटिक्सचा, म्हणजे जागच्या जागी उभ्या असलेल्या वस्तूंवर कुठून आणि किती जोर येतो, त्याचा. बाकीच्या विषयांत मी बरी होते, ड्रॉइंगला तर वर्गात पहिली. पण हे प्रकरण डोक्यात शिरायला तयार नव्हतं, आणि त्याचं कारण आज मला नेमकं सांगता येतं. जे गप उभं आहे त्याच्यावर जोर असतो, हेच मला पटत नव्हतं. भिंतीला टेकवलेली शिडी, दोन भिंतींवर ठेवलेला वासा. कुणी काही करत नाहीये, मग जोर कसला?

आमचं गाव घोडेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. शिनोली मागे पडली की पुढे कधीतरी रस्ता चढायला लागतो आणि मोबाइलची रेंज उतरायला. कॉलेज नारायणगावच्या बाजूला, त्यामुळे खोली घेऊनच राहावं लागे. माझी खोली एका घराच्या गच्चीवर होती. खाली घरमालकांचं भरलेलं कुटुंब, वर मी आणि पाण्याची टाकी. वर्गात आम्ही मुली चार. बाकीच्या तिघी एकाच गावच्या, एकाच बसने यायच्या आणि डबेही एकत्र खायच्या. त्यांनी मला कधी दुखावलं नाही, फक्त कधी बोलावलंही नाही. माझ्या तोंडचं ‘व्हतं’ ऐकून एकीला हसू आलं होतं. तेव्हापासून मी मोजकं बोलायला लागले, आणि ती खोड अजून गेलेली नाही.

तिसऱ्यांदा परीक्षेला बसायचं ठरलं तेव्हा तो विषय शिकवणाऱ्या सरांनी मला बोलावून घेतलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ, शर्टाचा खिसा खडूने कायम पांढरा. माझी वही उघडून त्यांनी एका आकृतीवर बोट ठेवलं.

“हे टेबल कशावर उभं आहे?”

“जमिनीवर.”

“मग जमिनीचा जोर कुठे दाखवलास? तुझं टेबल हवेत तरंगतंय.”

मग त्यांनी मला त्यांची रीत सांगितली. वस्तू एकटी काढायची. तिला धरून ठेवणारं सगळं पुसून टाकायचं, पण जे जे पुसलं त्याच्या जागी एकेक बाण काढायचा. जमीन पुसली तर जमिनीचा बाण, दोरी पुसली तर दोरीचा. त्या आकृतीला फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. मी इतके दिवस पुसत होते आणि विसरून जात होते. सगळे बाण काढले की मग कळतं, ते एकमेकांना तोलून धरतात म्हणून वस्तू गप उभी आहे. ती मोकळी आहे म्हणून नव्हे.

पुढचे दोन महिने मी दिसेल त्याची आकृती काढली. टाकी, खाट, गॅसची शेगडी. एकदा गंमत म्हणून स्वतःची काढली. वजनाचा बाण सोडला तर पायाखालून वर येणारा एकच बाण निघाला, गच्चीच्या स्लॅबचा. दुसरा काही सुचेना. वही मिटली आणि भांडी घासायला घेतली.

पास झाले. आईला फोन केला तर ती म्हणाली, “आता घंटा बांधाया पायजे. म्या बोलले व्हते देवीला.”

वडील मी सहावीत असतानाच गेले होते. आई एकटीच खाचरात भात लावायची, वरच्या उतारावर नाचणी करायची, आणि माझी फी भरायची. मी काय शिकते हे तिला कळत नव्हतं, पण कुठे अडलंय हे पक्कं ठाऊक होतं.

आमच्या गावदेवीच्या देवळापुढे गावाने पत्र्याचा सभामंडप बांधून घेतलाय. त्याचं छप्पर लोखंडी पाइपांच्या कैच्यांवर उभं आहे. कैची म्हणजे छपराखालचा तो त्रिकोणांचा सांगाडा. नवस फेडायचा तर त्या कैचीच्या खालच्या पाइपाला घंटा बांधायची, अशी आमची पद्धत. कैच्या सहा आहेत, पण प्रत्येकाला आपली घंटा देवीच्या नजरेसमोर हवी असते. त्यामुळे साऱ्या घंटा गाभाऱ्यापुढच्या एकाच कैचीला, आणि त्यातही बरोब्बर मधे. दुसरा नियम असा की घंटा ज्याने बांधली त्यानेच सोडायची, फार तर त्याच्या रक्ताच्या माणसाने. दुसऱ्या कुणी हात लावला तर फेडलेला नवस उलटतो म्हणतात. गुरवसुद्धा त्या घंटा पुसताना फडकं काठीला बांधून पुसतात.

आई स्वतः शिडीवर चढली. मी शिडी धरून उभी होते. कैचीत जे काही टांगायचं ते पाइप जिथे एकमेकांना जोडलेत त्या जोडाशीच टांगायचं असतं. तिथे टांगलं तर पाइप फक्त ताणले किंवा दाबले जातात, आणि ते त्यांना झेपतं. दोन जोडांच्या मधे टांगलं तर पाइप वाकतो. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं असं नाही. निकाल लागून आठवडा झाला होता, सगळं ताजं होतं. आई हात लांबवून पाइपाच्या मधोमध तार गुंडाळत होती आणि मी खालून बघत होते. एका घंटेनं काय होतंय, असं मला वाटलं. मला वाटतं, तोवर पन्नासएक जणांना तसंच वाटून गेलं असेल.

नोकरी लागली ती कळंबजवळच्या एका वर्कशॉपमध्ये. आम्ही कांदा साठवायच्या चाळी, गोठे, गोदामांच्या शेड बांधतो. सुरुवातीला मला बिलं आणि फोन सांभाळायला बसवलं होतं. वर्षभराने ड्रॉइंगं हातात आली. खरं सांगायचं तर पुस्तकातली गणितं तिथे फारशी लागत नाहीत, मापांचे तक्ते ठरलेले असतात. लागते ती सरांनी लावलेली सवय: वजन कुठून येतं, कुठे जातं, आणि मधे त्याला कोण धरतंय. वाकडी वेल्डिंग असो की उशिरा आलेला ट्रक, मी अजूनही आधी एवढंच विचारते. आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणते. हेही मी त्याच विषयात शिकले, कारण न काढलेला बाण शेवटी उत्तर चुकवतोच.

बोलायला मात्र कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ट्रॅक्टर वळवायला अडतो म्हणून एका बागायतदाराला चाळीचा मधला खांब काढून हवा होता. मी नको म्हटलं. त्याने हसून विचारलं, “ताई, तुमी किती चाळी बांदल्या?” एकही नव्हती बांधली. मी खाली मान घालून बसले. तो गेल्यावर वर्कशॉपचे मालक म्हणाले, “तुजं बरोबर व्हतं ना? मग गप का बसलीस? कागद बोलत न्हाई. तुलाच बोलावं लागंल.”

तेव्हापासून मी वेल्डिंगच्या काड्या टेबलाच्या खणात ठेवते. तीन काड्यांचा त्रिकोण बांधून दाखवायचा, तो कोपऱ्यावर दाबला तर जागचा हलत नाही. मग एका काडीच्या मधोमध अंगठा टेकवायचा. ती लगेच वाकते. हे बघून शेतकऱ्यांना पटतं. तो बागायतदारही परत आला, काड्या बघितल्या, मान डोलावली आणि काम दुसऱ्या वर्कशॉपला दिलं. मालक म्हणाले, जाऊ दे.

दुपारच्या सुट्टीत माणसं मागच्या चिंचेखाली जेवायला बसतात. मी ऑफिसच्या टेबलाशी डबा उघडते. कुणी येऊ नको म्हणालेलं नाही. पण मी गेले की त्यांचं बोलणं थांबतं, मग माझ्याच्याने तिथे बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. मी साइटवर होते, फोन लागेपर्यंत दुपार झाली होती. दिवस करून परत आले. मामीने आईची लुगडी बायकांना वाटली, खाचर चुलत्यांनी कसायला घेतलं, घराला कुलूप लागलं. किल्ली माझ्या पर्समध्ये असते. वाईट वाटतं म्हणून मी गावी जाणं टाळायला लागले, आणि टाळल्यामुळे आणखी वाईट वाटायला लागलं.

यंदा यात्रेच्या आठ दिवस आधी घर झाडायला म्हणून गेले. देवीला गेले आणि सवयीने वर बघितलं. गाभाऱ्यापुढच्या कैचीचा खालचा पाइप सरळ नव्हता. डोळ्यांचा दोष असेल म्हणून गुरवांकडून दोरी मागितली, शिडी लावली, आणि एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत ताणून धरली. पाइप मधे दोन बोटं खाली आला होता. घंटा आता शंभराच्या वर होत्या, काही चांगल्या पाच-सहा किलोच्या. यात्रेला त्याच कैचीखाली अख्खं गाव दाटीवाटीने उभं राहतं, आणि हात पोचेल ती घंटा पोरंटोरं लोंबकळून वाजवतात.

मी पाइपाचा फोटो काढला, वाकलेल्या जागी लाल बाण काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. अठ्ठावीस जणांनी हात जोडले. कुणीतरी जय माता दी लिहिलं. बाणाबद्दल एक शब्द नाही. एरवी मी तिथेच थांबले असते. पण यात्रा रविवारी होती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी घरातल्या खराट्याच्या काड्या घेऊन पारावर गेले.

सगळ्यांना जवळ बोलावलं. त्रिकोण दाखवला, काडी वाकवून दाखवली. माणसं शहाणी आहेत, लगेच समजलं. “पटतंय गं बाय,” गुरव म्हणाले, “पन हात कोन लावनार? निम्मी मानसं पुन्याला हायती. काय तर देवाघरी गेली. यकाची घंटा दुसऱ्यानं सोडायची न्हाई.”

“पाइप मोडला तर?”

“देवी राखंल.”

देवीचा बाण कसा काढायचा, हे सरांनी शिकवलं नव्हतं. मग मी म्हणाले, आधी मी आमची सोडते. माझं काही वाईट झालं तर बाकीच्या राहू द्या. नियमात बसत असलं तरी बांधलेली घंटा आजवर कुणी सोडली नव्हती. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला.

गावाने ऐकलं, हे आधीच सांगून टाकते. माझ्यामागून गुरव चढले, मग बाकीचे एकेक करून. पुण्याच्या लोकांना फोन लावून, देवीपुढे स्पीकरवर त्यांच्या तोंडून परवानगी घेतली. गेलेल्यांची मुलं, भाचे, नातवंडं शोधून काढली. दोन दिवसांत साऱ्या घंटा सहाही कैच्यांवर वाटून जोडाशी बांधल्या गेल्या, आणि वाकलेल्या पाइपाला आमच्या वर्कशॉपच्या माणसांनी येऊन दुसऱ्या पाइपाचा आधार दिला. यात्रा नीट पार पडली. कळंबला परतल्यावर मालकांनी हे चार गिऱ्हाइकांना सांगितलं, आणि मलाही बरं वाटलं.

पण मी सांगायला बसले ते शिडीवरचं.

गुरवांनी पक्कड दिली आणि मी वर चढले. आईची घंटा मागच्या बाजूला सापडली, लहानशी, हिरवट पडलेली. तारेला तिने तीन वेढे दिले होते. टोक आत वळवून चेपून टाकलं होतं, पुसणाऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळीसुद्धा ती अशीच बांधायची. मी पक्कड लावून एक वेढा उलटा सोडला, मग दुसरा. आणि मग माझा हात थांबला. कपडे वाटून झाले होते, चूल मोडली होती, शेत दुसऱ्याच्या हाताखाली गेलं होतं. तिने बांधलेलं आणि तिने बांधलं तसंच राहिलेलं या जगात एवढंच होतं, आणि तेच सोडायला मी शिडीवर चढले होते. माझं म्हणणं बरोबर होतं. खालच्या प्रत्येकाला ते मीच पटवून दिलं होतं.

तिसरा वेढा सोडताना तार तुटली. घंटेचं वजन माझ्या हातात आलं आणि मला रडू फुटलं, चांगलं आवाज येईल असं.

“लई उंच वाटाया लागलं का, पोरी?” गुरवांनी खालून विचारलं. “भिऊ नगं. आमी शिडी धरलीया.”

मी हो म्हटलं, आणि उतरण्याआधी घंटा त्यांनी पुढे केलेल्या फडक्यात ठेवली.