उलटा उतार

नव्या घराच्या बागेत पाणी साचतं म्हणून रविवारभर खपून मी चर खणला, आणि त्याचा उतार फाटकाकडे देण्याऐवजी घराकडे दिला. संध्याकाळच्या सरीनंतर सगळं तळं पायरीशी आलं. कोपऱ्यात आईचं अनंताचं रोप बुडालं होतं, तिच्या माघारी जुन्या घरून आणलेलं. इथं बांधकामाचं डबर पुरून वर चार बोटं माती पसरलेली. पाणी मुरणार कुठे? आई जाऊन तीन महिने झाले. भेटायला येणाऱ्यांना मी चहा विचारत राहिलो, आत काहीच मुरलं नाही. आताही पाण्यात पाय सोडून नुसता बसलो.

बायको शेजारी टेकली. म्हणाली, "अनंत मी कुंडीत काढते. तुम्ही रडून घ्या. एवढ्या पाण्यात कुणाला कळायचं नाही."